कथेला हवा मध्यम वाचक

मोबाइलवर हौसेने मराठी कथा लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या मंडळींनी आपली एक सांकेतिक भाषा तयार केली आहे. 'पुलेशु' म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. 'पुभाप्र' म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत. याखेरीज 'छान', 'मस्त', 'वाचतेय', 'डोळ्यांत पाणी आले' हे नेहमीचे अभिप्राय आहेतच. एखाद्या कथेखाली अशा पन्नास ओळी जमतात, लेखिका दिवसभर आनंदात असते आणि रात्री पुढचा भाग लिहायला बसते, तेव्हा तिच्या लक्षात येते की कथा वाचकाला कुठे भिडली आणि कुठे त्याच्या हातून निसटली, हे त्या पन्नास जणांपैकी कोणीच सांगितलेले नाही. पासबुकात नोंदी पुष्कळ व्हाव्यात आणि शिल्लक मात्र जिथल्या तिथे राहावी, तसा हा प्रकार आहे.

हे जग आता लहान राहिलेले नाही. परदेशस्थ मराठी माणसांच्या पुढाकाराने 'मायबोली' १९९६ मध्ये सुरू झाली, 'मिसळपाव' २००७ मध्ये आले आणि पुढे 'प्रतिलिपी'सारख्या व्यासपीठांवर मराठी कथांचा ओघ वाढला. तिथे वाचक कथेला पाचपैकी तारे देतो आणि हवे तर चार ओळीही लिहितो. लिहिणाऱ्यांत गृहिणी आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, परगावी शिकणाऱ्या मुली आहेत, दुपारी गिऱ्हाईक नसताना गल्ल्यावर बसून लिहिणारे तरुणही आहेत. पूर्वी ज्यांची वही कपाटात राहिली असती, त्यांच्या कथेला आज पहिल्याच दिवशी वाचक मिळतो. ही मोठीच गोष्ट आहे. अडचण आहे ती त्या वाचकाच्या तोंडून उपयोगाचा शब्द निघण्याची.

व्यापारी घरांना पारख नवी नाही. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेने कोल्हापूरचा गूळ दूरवर पोहोचवला. गुळाच्या सौद्यात व्यापारी रव्याचा रंग पाहतो, कडकपणा अजमावतो, कण जिभेवर ठेवून माल खारवट तर नाही ना हे बघतो आणि मग भाव बोलतो. 'रंग चांगला आहे, पण गूळ मऊ आहे' असे म्हटल्याने शेतकरी कायमचा रुसून बसत नाही. पुढच्या घाण्याला गुळव्याला काय सांगायचे, ते त्याला कळते. हुपरीच्या चांदीच्या धंद्यातही टंच काढल्याखेरीज व्यवहार होत नाही आणि टंच काढणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे कोणी मानत नाही. मालाच्या बाबतीत इतकी स्पष्ट बोलणारी माणसे कथेच्या बाबतीत मात्र एकदम भिडस्त होतात. भाचीने कथा लिहिली आहे, तिला कसे दुखवायचे? मग 'छान' म्हणून मोकळे व्हायचे.

लेखनहौस आणि व्यापार एकाच माणसात नांदल्याचे फार जुने उदाहरण जैन परंपरेत आहे. बनारसीदास हे १५८६ मध्ये जौनपूरला जन्मलेले श्रीमाळ कुळातील व्यापारी. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, १६४१ मध्ये, त्यांनी 'अर्धकथानक' या नावाने स्वतःचे चरित्र पद्यात लिहिले. माणसाचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरले, तर ही निम्म्या आयुष्याची कथा, म्हणून हे नाव. भारतीय भाषांतील अगदी आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. व्यापारातील नफ्या-तोट्याइतक्याच मोकळेपणाने त्यांनी आपल्या साहित्यिक उद्योगांची हकिगतही त्यात दिली आहे.

त्यातील दोन प्रसंग या विषयासाठी महत्त्वाचे आहेत. चौदाव्या वर्षी बनारसीदासांनी नवरसांवर, त्यातही शृंगारावर मोठा भर देणारी, सुमारे हजार पद्यांची पोथी रचली होती. काही वर्षांनी ती हातात घेऊन ते मित्रांसह गोमतीच्या पुलावर जाऊन बसले आणि मोठ्याने वाचू लागले. वाचता वाचता त्यांच्या मनात आले, की एक खोटे बोलणाराही दोषी ठरतो आणि आपण तर पानेच्या पाने कल्पित गोष्टींनी भरली. त्यांनी पोथी नदीत टाकली. मित्र हळहळले, पण सुटी पाने प्रवाहात पसरली होती; ती कोण गोळा करणार! या निर्णयामागे त्यांचे बदलते धार्मिक मन होते हे खरेच. तरी लिहिणाऱ्याने एक बारकावा टिपून ठेवावा. मित्रांनी टीकेचा एक शब्दही उच्चारला नव्हता. ती पद्ये त्यांनी रचली तेव्हा एकट्याने रचली असतील, पण त्यांचा दोष जाणवला तो चारचौघांसमोर मोठ्याने वाचताना. ऐकणाऱ्याची नुसती उपस्थितीसुद्धा लेखकाला आपले लेखन परक्याच्या कानांनी ऐकायला लावते.

दुसरा प्रसंग आग्ऱ्याचा आहे. व्यापारात बसलेल्या ठोकरीमुळे बनारसीदासांनी बाजारात जाणेच सोडले होते. घरी बसून ते रात्री 'मधुमालती' आणि 'मृगावती' ही प्रेमाख्याने वाचत आणि दहा-वीस माणसे ऐकायला येत. मंडळी गप्पा करीत आणि रोज आशीर्वाद देऊन घरी जात. इकडे सकाळी खायला घरात काही नसे. श्रोत्यांत एक कचोरीवाला होता, तो न चुकता येई. त्याच्या दुकानातून बनारसीदास उधारीवर कचोऱ्या आणीत. अखेर त्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितले, की माझ्याजवळ काही नाही, आता उधार देऊ नका. कचोरीवाल्याने उत्तर दिले, की वीस रुपयांपर्यंत खुशाल खा, कोणी काही बोलणार नाही. पुढे ती उधारी फिटली. आशीर्वाद देणारे अनेक होते आणि त्यांच्या आशीर्वादाला मोल नव्हते असे नाही, पण बनारसीदासांनी चरित्रात जागा राखून ठेवली ती कचोरीवाल्यासाठी. आजच्या 'पुलेशु'ची जात त्या आशीर्वादांची आहे.

याच ग्रंथाच्या शेवटाकडे बनारसीदासांनी माणसांचे तीन प्रकार सांगितले आहेत. दुसऱ्याचे दोष झाकून गुण सांगणारा आणि स्वतःचे मात्र दोष बोलून दाखवणारा, तो उत्तम. याच्या अगदी उलट वागणारा अधम. आणि दुसऱ्याचेही गुणदोष व स्वतःचेही गुणदोष सहजपणे बोलणारा, तो मध्यम. बनारसीदासांनी स्वतःला मध्यम गटात बसवले आणि त्याआधी आपल्या गुणांची व दोषांची यादी जमा-खर्चासारखी मांडली.

संसारात उत्तम माणसाचा शेजार मिळावा हे खरे. पण कथा लिहिणाऱ्याला उत्तम वाचकाचा उपयोग फार थोडा. तो दोष झाकणार. अधम वाचकाचाही उपयोग नाही, कारण तो फक्त दोष मोजणार आणि त्या निमित्ताने स्वतःचे वाचन किती दांडगे आहे, ते सुचवणार. कथेला हवा असतो तो मध्यम वाचक.

असा मध्यम वाचक लेखकांना एकेकाळी संपादकाच्या रूपाने भेटत असे. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक राम पटवर्धन यासाठी प्रसिद्ध होते. आलेली कथा बारकाईने वाचून ते लेखकाला सविस्तर पत्र लिहीत, काय जमले नाही ते कळवीत, आणि लेखक कथा पुन्हा लिहून पाठवीत. मराठीतील कितीतरी चांगल्या कथा अशा दुसऱ्या-तिसऱ्या खर्ड्यातून घडल्या. या व्यवस्थेला दुसरी बाजूही होती. मोजक्या माणसांची आवड हीच साहित्याची कसोटी होऊन बसली, अशी तक्रार वाढत गेली आणि १९६९ मध्ये काही तरुण लेखकांनी 'सत्यकथे'च्या अंकाची जाहीर होळी केली. १९८२ मध्ये मासिक बंद झाले. आज हौशी लेखिकेच्या वाटेत कोणी दारवान उभा नाही, ही स्वातंत्र्याची बाजू झाली. पण दारवानाबरोबर ते पत्रही गेले. ते काम आता वाचकांनाच वाटून घ्यावे लागणार आहे.

कोणत्या तराजूने मोजतो आहोत, हे वाचकाने स्वतःशी स्पष्ट केले पाहिजे, आणि या बाबतीत कोल्हापूरइतका चांगला धडा दुसरे गाव देणार नाही. ना. सी. फडके येथील राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक होते. कथा-कादंबरीच्या तंत्राचा ऊहापोह करणारे त्यांचे 'प्रतिभासाधन' १९३१ मध्ये निघाले. वि. स. खांडेकर शिरोड्याची शाळा सोडून १९३८ मध्ये कोल्हापुरात आले आणि येथेच स्थिरावले. त्यांच्या 'ययाति'ला पुढे ज्ञानपीठ मिळाले. फडके कलेसाठी कला म्हणत, खांडेकर जीवनासाठी कला. हा वाद त्या काळी घराघरांत रंगला. फडक्यांच्या तराजूवर कथेची बांधणी, उत्कंठा आणि शेवटाचा डौल यांना वजन होते. खांडेकरांच्या तराजूवर ती कथा माणसाला काय देते याला. एकाच गावात दोन्ही तराजू टांगलेले होते आणि दोन्हींवर मापून घेणारा वाचकवर्ग पोसला गेला.

आजच्या अभिप्रायांतील निम्मा गोंधळ तराजू न सांगितल्यामुळे होतो, असे म्हणायला हरकत नाही. एक वाचक 'कथा फसली' म्हणतो, त्याला म्हणायचे असते की शेवट आधीच ओळखू आला. दुसरा 'अप्रतिम' म्हणतो, त्याला म्हणायचे असते की नायिका माझ्या आईसारखी वाटली. दोघेही खरे बोलतात. आपण वस्तूच्या कोणत्या बाजूने पाहतो आहोत हे नय सांगून बोलावे, ही शिस्त तर जैन विचारानेच दिली आहे. ती स्वाध्यायापुरती ठेवण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष उदाहरण घेतलेले बरे. समजा, एका कथेत सराफी पेढी चालवणाऱ्या दोन भावांची वाटणी आहे. आरंभीचे तीन परिच्छेद वाड्याच्या आणि पूर्वजांच्या वर्णनात गेले आहेत. मग वाटणी होते. थोरला भाऊ पेढीच्या किल्ल्या काही न बोलता धाकट्याच्या हाती देतो. शेवटी लेखिका एकत्र कुटुंबाचे महत्त्व समजावून सांगते. या कथेवर 'हृदयस्पर्शी' असा शेरा मारला, तर लेखिकेच्या हाती काही पडत नाही. 'भाषा सुमार, आधी वाचन वाढवा' असा मारला, तर पडते ते दुःख तेवढे. मध्यम वाचक साधारण असे लिहील: 'किल्ल्या देताना थोरला बोलत नाही, तिथे क्षणभर वाचन थांबले. वाटणी नेमकी कशावरून झाली, ते मात्र शेवटपर्यंत कळले नाही. पहिल्या भागातील वहिनी नंतर कुठे गेल्या? वाड्याच्या वर्णनात एक-दोनदा नजर पुढे पळाली. शेवटचा परिच्छेद वाचण्यापूर्वीच कथा पोहोचली होती.'

या पाच वाक्यांत निर्णय जवळजवळ नाहीच. वाचताना काय घडले, एवढीच नोंद आहे. रोजमेळात घडलेला व्यवहार लिहावा आणि ताळेबंद ज्याचा त्याने मांडावा, असा हा रिवाज आहे. वाचकाने टाळायची गोष्ट म्हणजे कथा आपल्या हातात घेणे. 'थोरल्याने कोर्टात जायला हवे होते' हा अभिप्राय होत नाही. ती त्या वाचकाची स्वतंत्र कथा आहे आणि त्याने ती अवश्य लिहावी.

वाणीविषयी हित, मित आणि प्रिय असा क्रम आपल्याकडे सांगतात. अभिप्राय देणारे बहुधा तिसऱ्या शब्दापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. काही थोडे पहिल्यापासून सुरुवात करतात, पण मधला 'मित' विसरतात. मग तीन पानांच्या कथेवर चार पानांची चिरफाड येते. नवख्या लेखिकेला एका वेळी दोन-तीन गोष्टी पेलतात. शुद्धलेखनाच्या चुका तर सर्वांसमोर मांडूच नयेत, खासगीत कळवाव्यात; त्या दाखवणे सोपे असते, म्हणून वाचक आधी तिकडे वळतो आणि कथेविषयी बोलणे राहून जाते.

आता घेणाऱ्याची बाजू. बँकेच्या शाखेत तपासणी होते, तेव्हा अहवालातील प्रत्येक शेऱ्याला उत्तर द्यावे लागते. पण उत्तर त्याच संध्याकाळी, तपासनीस अजून खुर्चीत असताना, भांडून द्यायचे नसते. शेरा वाचायचा, कागदपत्रे पाहायची, मग मान्य असेल तर दुरुस्ती आणि नसेल तर कारण. कथेच्या शेऱ्यालाही ही रीत लावता येते. पहिल्या दिवशी 'वाचून कळवल्याबद्दल आभार' एवढेच लिहावे. आपली बाजू मांडण्याची घाई अंगाशी येते, कारण 'मला तसे म्हणायचे नव्हते' हे वाक्य लेखिकेने लिहिले की वाचकाचा मुद्दा सिद्धच होतो. तीन वेगवेगळे वाचक एकाच जागी अडखळले, तर त्या जागी काहीतरी बिघडलेले आहे असे धरून चालावे. त्यांनी सुचवलेले तीन उपाय एकमेकांशी जुळत नसतील. उपाय शोधणे हे लेखिकेचे काम.

मात्र प्रत्येक शेरा मान्य करणे हाही दोषच. 'भाषा समजत नाही, प्रमाण मराठीत लिहा' असे कोल्हापुरी बोलीत लिहिणाऱ्याला हटकून ऐकावे लागते. कागलच्या आनंद यादवांची 'गोतावळा' ही कादंबरी १९७१ मध्ये आली, तिचा निवेदक शेतावरचा गडी आहे आणि तो सगळी हकिगत आपल्या बोलीतच सांगतो. पट्टण कोडोलीच्या शंकर पाटलांच्या कथांतली माणसे गावच्याच बोलीत बोलतात. ही बोली काढून घेतली तर ती पुस्तके उरतील का? तेव्हा वाचक अडखळला तो शब्दामुळे की कथेच्या ढिलाईमुळे, हे तपासावे आणि शब्दामुळे असेल तर खुशाल अडखळू द्यावे. 'पानी' म्हणणाऱ्या पात्राच्या तोंडी 'पाणी' घालणाऱ्या वाचकाचे आभार मानून पुढे जावे.

'पुभाप्र'चा दाब हा आणखी वेगळा. क्रमशः कथा लिहिणाऱ्याला वाचकांची ओढ सुखावते आणि हळूहळू कथानक त्यांच्या इच्छेने वळू लागते. आर्थर कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सला १८९३ मध्ये कथेत मारले, वाचक संतापले, आणि अखेर १९०३ मध्ये त्यांनी होम्सला जिवंत परत आणले. डॉयल मुरलेले लेखक होते. नवख्या लेखिकेची कथा अशा दाबाखाली चाळीस भागांपर्यंत लांबते आणि मग अर्धवट सुटते. कच्चा खर्डा शेवटापर्यंत तयार असल्याखेरीज पहिला भाग प्रसिद्ध न करणे, हा त्यावर साधा इलाज आहे.

सर्वांत अवघड अभिप्राय मात्र परक्यांकडून येत नाही. तो घरातून येतो आणि बहुधा प्रश्नाच्या रूपात येतो: 'यातली सासू म्हणजे कोण?' व्यापारी कुटुंबात हा प्रश्न हलका नसतो. घरची गोष्ट दुकानाची पायरी उतरता कामा नये, ही शिकवण पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आणि ती निव्वळ संकोचापोटी आलेली नाही. पेढीची पत घराच्या एकीवर उभी असते. दोन भावांत बिनसल्याची कुजबुज बाजारात गेली, तर देणेकरी आधी दारात येतात. म्हणून कितीतरी सुना-मुली टोपणनावाने लिहितात आणि आपण लिहितो हे सासरी कळू देत नाहीत. ज्या दिवशी कळते, त्या दिवशी कथेचे वाचन थांबते आणि पात्रांची ओळखपरेड सुरू होते. अनेकींचे लेखन नेमके येथे संपते. वाईट अभिप्रायामुळे ते संपत नाही. कथेविषयी कोणी काही बोललेच नाही, म्हणून संपते.

यात दोन्हीकडून सावधगिरी लागेल. लेखिकेने गाव, धंदा, नाते, घटनांचा क्रम इतका बदलावा की घरातल्या माणसालाही बोट ठेवता येऊ नये. शेजारच्या घरातील खरे दुःख नाव तेवढे बदलून मांडणे ही कथा होत नाही आणि त्याबद्दल कोणी हरकत घेतली, तर ती रास्त आहे. घरच्यांनी तो प्रश्न निदान पहिल्या दिवशी तरी विचारू नये. सासूबाईंना सुनेची कथा वाचून दाखवण्यात आली आणि त्यांनी 'त्या बाईने शेवटी दार उघडले का नाही?' एवढेच विचारले, तर त्यांनी समीक्षकाचे काम केले असे समजावे.

कोल्हापुरात वाचनाच्या जागा नव्याने उभारण्याची गरज नाही. करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासून आहे. लिहिणाऱ्या चार-पाच जणांनी महिन्यातून एकदा ग्रंथालयात किंवा कोणाच्या घरी जमावे, एका वेळी एकच कथा घ्यावी. कथा लेखिकेने न वाचता दुसऱ्याने मोठ्याने वाचावी, म्हणजे तिला ती परक्या आवाजात ऐकू येईल. वाचणारा जिथे अडखळेल, जिथे त्याचा आवाज नकळत घाई करू लागेल किंवा ऐकणाऱ्यांपैकी कोणी घड्याळाकडे पाहील, तिथे लेखिकेने आपल्या प्रतीवर पेन्सिलीने बारीक खूण करावी आणि सर्वांचे बोलून होईपर्यंत स्वतः गप्प राहावे. दुरुस्त खर्डा पुढच्या महिन्यात त्याच मंडळींसमोर पुन्हा वाचला जावा. मोबाइलवर सुधारलेली कथा दुसऱ्यांदा उघडून पाहणारा वाचक क्वचितच भेटतो.